रस्त्यावरील तपासणी आणि वजनकाटा : पुणे परिसरातील ट्रकचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, रांजणगाव, भोसरी, कुरकुंभ येथील कारखान्यांचा माल, मार्केट यार्डातला शेतमाल आणि वाघोलीच्या खाणींमधली खडी व क्रशसँड (दगड भरडून केलेली वाळू) असा सगळा भार पुण्याभोवतीच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस वाहिला जातो. रस्त्यात गाडी थांबवली गेली की अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तो चालक, पण गाडीत किती माल भरायचा हे बहुतेक वेळा दुसरेच कोणी ठरवलेले असते. म्हणून पुढील उत्तरे प्रामुख्याने चालकाला समोर ठेवून लिहिली आहेत. वाहनमालकांनी आणि माल पाठवणाऱ्यांनीही ती अवश्य वाचावीत, कारण कायद्याने त्यांनाही जबाबदारीतून मोकळे केलेले नाही.

रस्त्यात गाडी नेमके कोण थांबवू शकते?

मालवाहू गाडीची तपासणी मुख्यतः तीन खात्यांकडून होते आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. पहिले खाते मोटार वाहन विभागाचे, म्हणजेच आरटीओचे. या विभागाची वायुवेग पथके महामार्गांवर फिरत असतात आणि त्यांत मोटार वाहन निरीक्षक किंवा सहायक मोटार वाहन निरीक्षक असतात. वजन, फिटनेस, परमिट, कर आणि गाडीची यांत्रिक स्थिती हा त्यांचा विषय आहे. दुसरे खाते पोलिसांचे. शहरात वाहतूक शाखा आणि शहराबाहेर महामार्ग पोलीस. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. तिसरे खाते राज्य कर विभागाचे म्हणजे जीएसटीचे. ते गाडीकडे नव्हे, तर गाडीतील मालाकडे आणि मालाच्या कागदांकडे पाहते.

टोल नाक्यावरचे कर्मचारी या तिन्हींपैकी कोणीही नाहीत. ते शुल्क घेऊ शकतात आणि शुल्क न भरणारी गाडी अडवू शकतात. परंतु आपला परवाना किंवा आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) ताब्यात घेण्याचा अधिकार त्यांना नाही. थांबवणारी व्यक्ती कोणत्या खात्याची आहे हे सभ्य शब्दांत विचारून घेणे हा चालकाचा हक्क आहे आणि त्यात अधिकाऱ्याचा अपमान होत नाही. छातीवरची नावाची पट्टी वाचावी आणि सरकारी गाडीचा क्रमांक लक्षात ठेवावा. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर एवढी माहिती फार कामाला येते.

गाडीत कोणती कागदपत्रे असावीत? मोबाइलवर दाखवली तर चालतात का?

गाडीची म्हणून नोंदणी प्रमाणपत्र, विमा, फिटनेस, परमिट, कर भरल्याचा पुरावा आणि पीयूसी. चालकाचा म्हणून व्यावसायिक वाहनाचा परवाना. आणि मालाची म्हणून बीजक, एलआर (माल वाहतुकीस घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती) आणि लागू असेल तेथे ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढलेले बिल). ज्वलनशील किंवा घातक रसायने वाहून नेणाऱ्या चालकाच्या परवान्यावर त्यासाठीची स्वतंत्र नोंद लागते. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतून माल उचलणाऱ्या बदली चालकांच्या बाबतीत ही गोष्ट हटकून विसरली जाते.

मोबाइलवरील कागदपत्रे चालतात, मात्र ती डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपमध्ये असली पाहिजेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील कागदपत्रे मूळ कागदपत्रांइतकीच ग्राह्य ठरली आहेत. शेठजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आरसीचा फोटो या व्याख्येत बसत नाही. मालकाच्या मोबाइलमध्ये सर्व काही आहे आणि चालकाच्या मोबाइलमध्ये काहीच नाही, ही स्थिती आजही सर्रास दिसते. गाडी दाराबाहेर पडण्यापूर्वी चालकाच्या मोबाइलवर ती कागदपत्रे उघडून पाहणे हे मालकाचे काम आहे. विमा, फिटनेस किंवा परमिट त्या क्षणी जवळ नसेल, तर मागणी झाल्यापासून १५ दिवसांत त्यांच्या साक्षांकित प्रती सादर करण्याची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० मध्ये आहे. ही सोय कागद अस्तित्वात असून जवळ नसल्यास आहे; मुदत संपलेल्या कागदाला तिचा काही उपयोग नाही.

फिटनेसच्या मुदतीबद्दल गोंधळ असतो म्हणून सांगतो : आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचे फिटनेस दोन वर्षांसाठी मिळते आणि त्यापुढे ते दरवर्षी घ्यावे लागते.

आमच्या गाडीचे पासिंग (मंजूर कमाल वजन) किती टनांचे, हे कसे ओळखावे?

आरसीवर दोन आकडे असतात : गाडीचे रिकामे वजन आणि मालासह कमाल वजन. तपासणीत प्रमाण मानला जातो तो दुसरा आकडा. 'दहा टायरला इतके चालते' अशी नाक्यावरची माहिती किंवा गाडी विकणाऱ्याने तोंडी सांगितलेला आकडा तेथे कोणीही ऐकून घेत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये आसांवरील (अ‍ॅक्सलवरील) भाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरांच्या एका मागील आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, जोड आसांची १९ वरून २१ टन झाली आणि मोठ्या ट्रेलरच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. सहा टायरांच्या दोन आसी ट्रकला त्यामुळे एकूण १८.५ टनांची मर्यादा मिळाली. हे आकडे ऐकून जुन्या गाडीत नव्या मर्यादेप्रमाणे माल भरणारे अनेक जण अडचणीत आले, कारण त्यांच्या आरसीवर जुनाच आकडा होता. आरसीवर १६.२ टन लिहिले असेल, तर तुमच्यासाठी मर्यादा तीच.

भरता येणारा माल काढण्यासाठी आरसीवरील रिकामे वजन आंधळेपणाने वजा करू नये. बॉडी बांधताना जाड पत्रा वापरलेला असतो, नंतर टूलबॉक्स बसवलेला असतो, ताडपत्री, दोर, साखळ्या, जॅक आणि जादा स्टेपनी असते. ३०० लिटर डिझेलचेच वजन अडीचशे किलोच्या आसपास भरते. म्हणून वर्षातून एकदा तरी गाडी पूर्ण टाकीसह आणि सर्व सामानासह रिकामी काट्यावर घ्यावी आणि ती पावती केबिनमध्ये जपून ठेवावी. खरा हिशेब त्या पावतीवरून करावा.

एकूण वजन मर्यादेत असूनही गाडी ओव्हरलोड ठरवली गेली. असे कसे?

कायदा दोन मर्यादा सांगतो. एक संपूर्ण गाडीची आणि दुसरी प्रत्येक आसाची. चाकणमधून पोलादी पत्र्याचे गुंडाळे किंवा एखादे अवजड यंत्र उचलताना हा प्रकार घडतो. माल थोडा असतो, पण सगळे वजन एका जागी एकवटलेले असते. क्रेनवाल्याने ते यंत्र सोयीसाठी फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या झडपेजवळ) ठेवले, की पुढचे आस हलके आणि मागचे आस मर्यादेबाहेर अशी अवस्था होते. अशी गाडी चढावर लागली की स्टिअरिंग हलके लागते, हे कोणताही जुना चालक सांगेल. तो हलकेपणा जाणवला तर माल पुढे सरकवल्याशिवाय निघू नये. खडी, वाळू किंवा पोती यांच्या बाबतीत हा धोका कमी असला तरी पावसाळ्यात धुतलेली क्रशसँड ओली भरली जाते आणि त्याच मापाच्या हौद्यात वजन पुष्कळ वाढते. फाळक्याची रेघ पाहून वजनाचा अंदाज बांधण्याची सवय येथे घात करते.

अधिकारी गाडी कोणत्याही काट्यावर, कितीही लांब नेऊ शकतो का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११४ नुसार, गाडीत मर्यादेपेक्षा जास्त भार आहे असे मानण्यास कारण असेल तर प्राधिकृत अधिकारी ती वजनासाठी काट्यावर नेण्यास सांगू शकतो. परंतु तो काटा गाडीच्या पुढच्या मार्गावर दहा किलोमीटरच्या आत, किंवा जेथे माल पोहोचवायचा आहे त्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असला पाहिजे. साताऱ्याकडे निघालेली गाडी खेड शिवापूरजवळ थांबवली, तर तिला उलटी फिरवून हडपसरला न्यावे अशी अपेक्षा कायदा करत नाही. असे सांगितले गेल्यास पुढच्या वाटेवरचा जवळचा काटा सुचवावा.

मात्र वजन करण्यास नकार देणे, हात दाखवूनही न थांबणे किंवा काट्यावर जाण्याआधी वाटेत माल उतरवून टाकणे, या तिन्ही गोष्टी स्वतंत्र गुन्हा आहेत आणि त्यांसाठी कायद्यात ४०,००० रुपयांचा दंड आहे. थोडाफार ओव्हरलोड असलेली गाडी काट्यावर नेणे हे पळ काढण्यापेक्षा खिशालाही स्वस्त पडते. जिवाचा विचार केला तर तुलनाच नको, कारण पथकाला चुकवण्यासाठी भरधाव पळवलेली भरलेली गाडी कोणावर जाऊन आदळेल हे सांगता येत नाही.

काट्यावर गाडी कशी घ्यावी? दोन काट्यांवर दोन वेगळी वजने का येतात?

काट्याच्या फळीवर चढण्यापूर्वी आकडे दाखवणाऱ्या पाटीकडे पाहावे. तेथे शून्य दिसले पाहिजे. आधीच्या गाडीची माती, खडी किंवा पावसाचे पाणी फळीवर साचले असेल तर चाळीस-पन्नास किलो आधीच दिसत असतात आणि ते तुमच्या नावावर चढतात. शून्य नसेल तर काटेवाल्याला शून्य करण्यास सांगावे. त्यानंतर गाडी अगदी सावकाश, एका रेषेत वर घ्यावी, सर्व चाके फळीच्या आत आहेत याची खाली उतरून खात्री करावी, इंजिन बंद करावे आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. चालक आणि क्लीनर केबिनमध्ये होते की खाली, हे भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही वजनांच्या वेळी सारखेच असावे.

पावतीवर तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि काट्याचे नाव स्पष्ट उमटले आहे ना हे तेथेच वाचावे. सार्वजनिक वजनकाट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन व्हावे लागते आणि त्याचे प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावलेले असावे लागते. अधिकाऱ्याने नेलेल्या काट्याच्या वजनाबद्दल गंभीर शंका असेल, तर प्रथम त्या प्रमाणपत्राची तारीख पाहावी, त्याचा फोटो काढावा आणि जवळच्या दुसऱ्या काट्यावर फेरवजन करण्याची विनंती शांतपणे करावी. कारखान्यातून निघतानाची पावती तुमच्याकडे असेल तर ही विनंती करताना तुमच्या हातात काही आधार असतो. ती नसेल तर केवळ शब्दाला शब्द लागतो.

टोल नाक्यावर जादा शुल्क भरले, तरी पुढे आरटीओने दंड केला. एकाच चुकीसाठी दोनदा पैसे कसे?

हे दोन वेगळे हिशेब आहेत. टोल नाक्याच्या मार्गिकेत बसवलेला काटा चालत्या गाडीचे वजन घेतो आणि राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ मधील तरतुदीनुसार मर्यादेपेक्षा जास्त भार असलेल्या गाडीकडून वाढीव शुल्क आकारले जाते. ते रस्त्याच्या वापराचे शुल्क आहे. आरटीओचा दंड मोटार वाहन कायद्याखालच्या गुन्ह्याचा आहे. टोलची वाढीव पावती दाखवून आरटीओच्या दंडातून सुटका होत नाही. उलट ती पावती म्हणजे गाडी ओव्हरलोड होती याचा तुम्हीच दिलेला पुरावा ठरतो.

चालत्या काट्यावरून जाताना ब्रेक मारू नये आणि अचानक वेगही वाढवू नये. ब्रेक लागला की भार पुढच्या आसावर येतो आणि आसांचे आकडे चुकतात.

ओव्हरलोडचा दंड किती आणि तो कोणी भरायचा?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि त्याशिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे १८.५ टनांच्या गाडीचे वजन २२.५ टन भरले, तर चार टनांचे ८,००० आणि मूळ २०,००० मिळून २८,००० रुपये होतात. त्यावर हमाली आणि दुसऱ्या गाडीचे भाडे.

आता कोणी भरायचा, हा प्रश्न. या विषयातला सर्वांत मोठा अन्याय येथे होतो असे माझे स्पष्ट मत आहे. कलम १९४ मध्ये केवळ गाडी चालवणारा नव्हे, तर अशी गाडी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी धरला आहे. कलम ११३ तर पुढे जाऊन असे म्हणते की चालक हा मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या आज्ञेने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. असे असूनही अनेक ठिकाणी दंडाची रक्कम चालकाच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जाते. ज्याने चार टन जादा माल भरून त्याचे भाडे घेतले, त्याने दंडही सोसला पाहिजे. यात दुसरे मत असू शकत नाही.

मालक किंवा कंपनीचा माणूस जास्त माल भरतोच आहे. चालकाने काय करावे?

नोकरीवर असलेल्या माणसाला 'नकार द्या' असे सांगणे सोपे असते आणि त्याला ते करणे कठीण असते, याची पूर्ण जाणीव ठेवूनच हे उत्तर देत आहे. पहिली गोष्ट म्हणजे कारखान्याच्या फाटकातून निघण्यापूर्वी काट्याची पावती मागून घ्यावी. मोठ्या कारखान्यांच्या आवारात स्वतःचा काटा असतो आणि तेथे वजन झाल्याशिवाय गाडी सुटतच नाही; त्या पावतीची प्रत चालकाला मिळालीच पाहिजे असा आग्रह धरावा. पावतीवरचे वजन आरसीपेक्षा जास्त दिसले तर तिचा फोटो काढून मालकाला लगेच पाठवावा आणि सोबत एवढेच लिहावे : 'शेठ, गाडी अडीच टन जादा भरली आहे, माल कमी करायला सांगा.' फोनवर बोलू नये, लिहावे. मालकाचे उत्तर काहीही आले किंवा आलेच नाही, तरी तुम्ही वेळेवर कळवले होते याची तारीख आणि वेळेसह नोंद राहते. पुढे दंड झाला, परवान्यावर गदा आली किंवा अपघातानंतर चौकशी झाली, तर त्या एका संदेशाचे मोल फार मोठे असते.

एलआरवर लिहिलेले वजन आणि काट्याचे वजन यांत फरक असेल तर ती एलआर घेऊन निघू नये. वजन कमी लिहिण्याची क्लृप्ती माल पाठवणाऱ्याला वाचवते. अडकतो तो सही करणारा.

दंड भरल्यावर गाडी तशीच पुढे नेता येते का?

येत नाही. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येणार नाही असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली परमजित भसीन प्रकरणात, दंडाची तडजोड करून जादा भारासह गाडी सोडण्याच्या राज्यांच्या पद्धतीला मनाई केली होती. माल उतरवण्याचा आदेश लेखी असावा लागतो आणि उतरवलेल्या मालाची जोखीम गाडीवाल्याची असते. म्हणून मालकाला आणि माल पाठवणाऱ्याला ताबडतोब कळवून दुसरी गाडी मागवावी, माल दुसऱ्या गाडीत मोजून चढवावा आणि नगांची संख्या दोन्ही चालकांच्या सहीने लिहून ठेवावी. रात्रीच्या वेळी रस्त्याकडेला माल उतरवून चालकाला एकट्याने राखण करायला ठेवणे हा त्याच्यावर केलेला जुलूम आहे. निदान एक माणूस सोबतीला पाठवावा.

ओव्हरलोडमुळे परवाना निलंबित होतो का?

होऊ शकतो. मालवाहू गाडीत जादा भार नेणे हे परवाना अपात्र ठरवण्याच्या कारणांच्या यादीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना अशा प्रकरणांत किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश दिले. निलंबनापूर्वी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. ती नोटीस आल्यावर गप्प बसू नये. काट्याची पावती आणि मालकाला पाठवलेला संदेश घेऊन स्वतः हजर राहावे.

सळया, पाइप किंवा कडबा गाडीबाहेर थोडा आलेला चालतो का?

बॉडीच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर माल आल्यास कलम १९४ मध्येच वेगळा २०,००० रुपयांचा दंड आहे आणि बाहेर आलेला माल उतरवावा लागतो. वजन मर्यादेत असले तरी हा दंड लागतो. जालन्याहून पुण्याकडे येणाऱ्या सळयांच्या गाड्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. फाळक्याबाहेर आलेल्या सळयांच्या टोकाला लाल फडके बांधून भागत नाही. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते फडके दिसत नाही आणि सळईही दिसत नाही. लांब सळयांसाठी लांब गाडीच लागते.

जीएसटीच्या तपासणीत चालकाने काय लक्षात ठेवावे?

आंतरराज्य वाहतुकीत ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख रुपये आहे. मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. पुणे ते नागपूर अंतर साधारण ७०० किलोमीटर धरले तर चार दिवस मिळतात. मुदत संपत आली आणि गाडी वाटेतच असेल, तर संपण्याच्या आठ तास आधीपासून ते संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. हे काम ट्रान्सपोर्ट कार्यालयाने करायचे असते, पण आठवण करून देणारा फोन चालकानेच केलेला बरा.

तपासणीत गाडी अर्ध्या तासाहून अधिक काळ अडकवून ठेवली, तर वाहतूकदाराला ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर ईडब्ल्यूबी-०४ या नमुन्यात तशी माहिती भरता येते. ही सोय फारच थोड्यांना माहीत आहे. तिच्यामुळे गाडी कुठे आणि किती वेळ थांबवली गेली याची सरकारी नोंद होते. शिवाय एकदा मालाची प्रत्यक्ष पडताळणी झाली की, करचुकवेगिरीची नेमकी खबर मिळाल्याशिवाय त्याच प्रवासात पुन्हा तशी पडताळणी करता येत नाही. म्हणून पहिल्या तपासणीचा कागद मागून घेऊन एलआरला टाचून ठेवावा.

अधिकारी चालकाचा जबाब एमओव्ही-०१ या नमुन्यात लिहून घेतो. वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवण्यास सांगावे आणि समजल्यावरच सही करावी. मालाची किंमत, कर, खरेदीदाराचा व्यवहार यांबद्दल माहिती नसेल तर 'मला माहीत नाही' असेच लिहून घ्यावे; अंदाजाने दिलेले उत्तर पुढे त्रासदायक ठरते. कंटेनरचे सील तोडले गेले तर जुन्या आणि नव्या सीलचे क्रमांक नोंदवून घ्यावेत. गाडीच्या क्रमांकातील एक-दोन अंकांची किंवा पिनकोडची चूक असेल, तर गाडी अडकवून न ठेवता किरकोळ दंड घेऊन सोडावे असे केंद्रीय कर मंडळाचे १४ सप्टेंबर २०१८ चे परिपत्रक आहे. त्याची प्रत कार्यालयाने प्रत्येक चालकाच्या मोबाइलवर ठेवावी.

खंबाटकी घाटात गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला. नवे ई-वे बिल लागते का?

नवे बिल लागत नाही. त्याच बिलाच्या भाग 'ब' मध्ये नव्या गाडीचा क्रमांक भरायचा असतो, मात्र तो गाडी हलण्यापूर्वी भरावा.

गाडीच्या स्थितीत कोणत्या गोष्टी पाहिल्या जातात?

टायरांची झीज, ब्रेक, दिवे, मागचे व बाजूचे संरक्षक पट्टे म्हणजे गार्ड, परावर्तक टेप, वेगनियंत्रक, उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि काचा. दंडापेक्षाही मागचा गार्ड आणि परावर्तक टेप यांचे महत्त्व मोठे आहे, कारण रात्री कडेला उभ्या असलेल्या ट्रकखाली मोटार घुसून होणारे मृत्यू या दोनच गोष्टी टाळू शकतात. मातीने माखलेली टेप नसल्यासारखीच असते. चहाला थांबाल तेव्हा ओल्या फडक्याने टेप आणि मागचे दिवे पुसून घ्यावेत.

थोडा जास्त माल नेल्याने खरेच इतके काय बिघडते?

रस्ते अभियांत्रिकीत असा ठोकताळा मानला जातो की आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्क्यांनी वाढला तर झीज दुपटीहून अधिक होते. पुण्याच्या चालकांसाठी मात्र उतार हा अधिक जवळचा विषय आहे. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नऱ्हे आणि नवले पुलापर्यंत लांबलचक उतार लागतो. तेथे अवजड गाड्यांचे अपघात वारंवार झाले आहेत आणि माणसे प्राणाला मुकली आहेत. उतारावर गाडी आवरताना तिच्या वजनाची सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. वजन जितके जास्त तितका ड्रम अधिक तापतो, आणि एका मर्यादेनंतर पाय कितीही दाबला तरी ब्रेक धरत नाही. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल केले तर इंजिनाचा आवर जातो आणि सारा भार त्या तापलेल्या ब्रेकवर पडतो. बोगद्यातून बाहेर पडण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो लावावा आणि पाटीवरची वेगमर्यादा पाळावी. हा उतार दंडाच्या भीतीने नव्हे, तर खाली रस्ता ओलांडणाऱ्या माणसांकडे पाहून उतरायचा आहे.

पावतीशिवाय पैसे मागितले तर?

पावती मागावी. अधिकृत दंड ई-चलानानेच होतो आणि त्यावर कलम, रक्कम, ठिकाण आणि वेळ असते. पैशांची मागणी झाल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला त्यातून संरक्षण आहे. दर महिन्याला ठरावीक रक्कम पोहोचवून गाड्या बिनदिक्कत चालवण्याची ज्यांना सवय लागली आहे, त्यांच्या गाड्यांवरचे चालक सर्वांत असुरक्षित असतात, कारण त्या गाड्यांत भाराला मर्यादाच उरत नाही.

आमची गाडी त्या दिवशी कार्यशाळेत होती, तरी तिच्या नावे ई-चलान आले. काय करावे?

चलानासोबतचा फोटो उघडून पाहावा. क्रमांकातील एक अंक चुकीचा वाचला गेल्याची किंवा दुसऱ्याच गाडीवर तुमचा क्रमांक लावलेला असल्याची उदाहरणे घडतात. फोटोतील गाडीची बॉडी, रंग, टायरांची संख्या आपल्या गाडीशी जुळत नसेल तर कार्यशाळेचे बिल, फास्टॅगचा त्या दिवसाचा तपशील आणि जीपीएसची नोंद जोडून राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. दुसऱ्या गाडीवर आपला क्रमांक असल्याची शंका असेल तर पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्यावी. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ती रक्कम चालकाच्या पगारातून कापू नये. चलान खरे निघाले तरी ते वेगाचे आहे की वजनाचे, हे पाहूनच ते कोणाच्या खात्यावर टाकायचे हे ठरवावे.